गुडघ्याची कूर्चा व तंतूंचा आधार



पायी विहार करणारे साधु-साध्वी असोत वा खमासमणा देणारे श्रावक, भार गुडघ्यावरच पडतो. तेथील कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे ती एकदा फाटली की सहसा पूर्ववत भरून येत नाही. १९९४ मध्ये स्वीडनच्या शल्यवैद्यांनी रुग्णाच्याच कूर्चापेशी वाढवून गुडघ्यात रोपण केल्याचे प्रसिद्ध केले.

या पेशींना धरून ठेवण्यास आधार लागतो, आणि येथे आम्हा कापडवाल्यांचा विषय येतो. पॉलिग्लायकॉलिक व पॉलिलॅक्टिक आम्ल ही पॉलिएस्टरच्याच कुळातील बहुवारिके. त्यांच्या तंतूंच्या नमद्यासारख्या जाळीत पेशी वसतात, नवी ऊती घडते आणि जाळी शरीरातील पाण्याने हळूहळू विघटित होते. (आमच्या दुकानातील पॉलिएस्टर विरत नाही, निश्चिंत असावे!)

परंतु अहिंसेच्या उपासकाने विचारलेच पाहिजे, की आधार कशाचा? अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘मॅसी’ उपचारातील पडदा डुकराच्या कोलॅजेनचा आहे. २०२२ मध्ये मान्य झालेले ‘अजिली-सी’ प्रवाळापासून बनते. याउलट पॉलिलॅक्टिक आम्लाचा कच्चा माल मक्याच्या साखरेपासून किण्वनाने मिळतो. तरीही पेशी वाढविण्याच्या द्रवात वासराच्या रक्ताचा अंश असू शकतो. तेव्हा केवळ ‘कृत्रिम’ या शब्दावर विसंबू नये.

हे उपचार मुख्यतः मर्यादित जखमेसाठी आहेत, वार्धक्यात सर्व सांधा झिजला असता नव्हेत. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी पडदा व द्रव या दोहोंचे मूळ शल्यवैद्यांकडून लेखी घ्यावे.