पोतं उघडून पाहतोस का?



1991 सालच्या मे महिन्यातली दुपार. औरंगाबादेतल्या औरंगपुऱ्यात, आमच्या घरात आम्ही चार भावंडं पंख्याखाली बसलो होतो आणि समोर अमेरिकेहून सुट्टीला आलेला आतेभाऊ. त्याच्याकडे पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. एक जाडजूड पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा, एवढंच. खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो 1974 साली अमेरिकेत आणला.

आतेभाऊ म्हणाला, "तुम्ही भुयाराच्या तोंडाशी उभे आहात. आत मिट्ट काळोख. काय करता?"

फासे आम्हांला नवे नव्हते. वेरूळच्या लेण्यांत शंकर-पार्वती फासे खेळताना आपण पाहतो. आम्हीही आजीबरोबर अष्टाचंग खेळायचो. पण तिथं आधी दान पडतं, मग सोंगटी हलते. इथं आधी आम्हांला विचारलं जात होतं. दहा वर्षांच्या मुलाला 'तू काय करशील?' असं मनापासून कोण विचारतं?

धाकटी म्हणाली, "दादा, ही तर दौलताबादची अंधारी!"

आतेभावानं पुस्तक मिटलं. शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवरचा किल्ला आमच्या सतरंजीवर उतरला. तासून उभा केलेला कडा, खंदक, त्यावरचा चिंचोळा पूल, वटवाघळांच्या वासाची अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, आणि तिच्या वरच्या तोंडाशी विस्तव पेटवून आत धूर कोंडायची सोय. हे सगळं आम्ही सहलीत पाहिलं होतं; आता तिथून जिवंत बाहेर पडायचं होतं. आतेभाऊ फासा घेऊन परत गेला, तेव्हा आजीनं चार कवड्या दिल्या. चंगा किंवा अष्टा असं मोठं दान पडलं की ठरवलेलं जमायचं. एकच उताणी पडली की मशाल विझायची.

एकदा खेळात मी दौलताबादच्या, म्हणजे तेव्हाच्या देवगिरीच्या, रामदेवरायाचा कोठारी झालो. साल 1296, अलाउद्दीन खिलजी चालून आलेला. घाईघाईनं गडावर पोती चढत होती. खेळ चालवणाऱ्या ताईनं विचारलं, "पोतं उघडून पाहतोस का?"

मी म्हणालो, "वेळ नाही. चढव वर."

वेढ्यात पोती उघडली, तर धान्याऐवजी मीठ. देवगिरीची ही कथा मी ऐकलेली होती, तरी पाहिलं नाही. गडावरची माणसं माझ्या एका शब्दानं उपाशी राहिली, असं वाटून मला रडू फुटलं.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो आणि ज्वारीच्या डब्याचं झाकण उघडून आत हात घातला.