मुलाखतींतली इमारत

स्थावर मालमत्तेंत पैसा गुंतवणाऱ्या संस्थांत नोकरी मिळवूं पाहणाऱ्या तरुणांना हल्लीं मुलाखतीच्या वेळीं एक निराळीच परीक्षा द्यावी लागते. उमेदवाराच्या हातीं एका इमारतीचे कागद देतात, त्याला संगणकापुढें बसवतात आणि दोन-तीन तासांनीं विचारतात, "ही इमारत आम्हीं घ्यावी काय? घ्यावी तर कितीला?" या प्रकाराला 'केस स्टडी' म्हणतात. माझा जन्म इमारतींचीं मूल्यांकनें करण्यांत गेला. त्यामुळें या परीक्षेच्या टेबलापलीकडे मी अनेकदां बसलों आहें. परंतु मध्यंतरीं एका रविवारीं मला अलीकडच्या बाजूस बसावें लागलें. माझा पुतण्या बुधवारच्या मुलाखतीची तयारी करावयास घरीं आला होता. दोन ठिकाणचे नकार पदरीं पडलेले, शिक्षणासाठीं काढलेल्या कर्जाचे हप्ते सुरू झालेले. आणि ते हप्ते त्याचे वडील आपल्या निवृत्तिवेतनांतून भरीत होते.

मीं त्याच्यापुढें एक कल्पित इमारत ठेवली. मुंबईचें उपनगर, ५०,००० चौरस फूट कचेरीची जागा, दर फुटास महिना १०० रुपये भाडें. त्यानें दहा मिनिटांत हिशेब मांडला. वर्षाचें भाडें ६ कोटी. मालमत्ता-कर, विमा, दुरुस्ती आणि मधून मधून रिकामी राहणारी जागा यांची वजावट ६० लाख. निव्वळ उत्पन्न ५ कोटी ४० लाख. खरेदीच्या रकमेवर आठ टक्के उत्पन्न हवें असें धरून त्यानें किंमत काढली ६७ कोटी ५० लाख.

"आठच टक्के कां?" मीं विचारलें.

"बाजारांत तोच दर धरतात, काका."

"आणि नऊ धरलेस तर?"

"साठ कोटी."

एका टक्क्याच्या फरकानें साडेसात कोटी रुपये! या दराला धंद्यांत 'कॅप रेट' म्हणतात. आसपासच्या तशाच इमारती अलीकडे किती उत्पन्नावर विकल्या गेल्या, हें पाहून तो ठरवावयाचा असतो. तो कोठून आणला हें ज्याला सांगतां येत नाहीं, त्याच्या पुढच्या रकान्यांकडे परीक्षक फारसें पाहतच नाहींत.

मग कर्जाची गोष्ट निघाली. किंमतीच्या साठ टक्के कर्ज काढलें कीं स्वतःच्या पैशावरचा लाभ वाढतोच, असें त्याचें मत. पुस्तकांत तसें असतें खरें. पण पुस्तकांतल्या उदाहरणांत व्याजाचा दर उत्पन्नाच्या दराहून कमी असतो. मीं व्याज साडेनऊ टक्के धरावयास सांगितलें. ४० कोटी ५० लाखांचें व्याज सुमारें ३ कोटी ८५ लाख झालें. उरले १ कोटी ५५ लाख, आणि तेहि घरच्या २७ कोटींवर. म्हणजे पावणेसहा टक्के. बिनकर्जी घेतली असती तर आठ मिळाले असते! पुढें भाडें वाढणार असेल तर हा व्यवहार सुधारेल. पण तें 'असेल तर' कशावर उभें आहे, हें उमेदवारानें सांगावयास हवें.

तें उभें असतें भाडेकरारावर, आणि खरी गोम येथेंच आहे. आपल्याकडे कचेऱ्यांचे करार पुष्कळदां नऊ वर्षांचे असतात व दर तीन वर्षांनीं भाडें पंधरा टक्के वाढेल असें त्यांत लिहिलेलें असतें. वाचणाऱ्याला वाटतें, नऊ वर्षांची सोय झाली. परंतु नऊ वर्षें बांधलेला असतो तो मालक. भाडेकरूनें जागा सोडूं नये हें बंधन, म्हणजे 'लॉक-इन', बहुधा पहिल्या तीन किंवा पांच वर्षांपुरतेंच असतें. एका उमेदवारानें आमच्यापुढें दहा वर्षांचा मोठा देखणा तक्ता ठेवला होता. निम्मी इमारत एकाच कंपनीकडे होती आणि तिचें बंधन चौदा महिन्यांनीं सुटत होतें. ती ओळ आम्हीं मुद्दामच शेवटच्या पानावर ठेवली होती. हा प्रकार मला फारसा सभ्य वाटत नाहीं; पण इमारती विकणारे तरी दुसरें काय करतात?

जुन्या मुंबईंतली इमारत पुढें आली तर आणखी एक पेंच असतो. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला. त्याचें संरक्षण असलेल्या भाडेकरूचें भाडें वर्षास चार टक्केच वाढवतां येतें. बँका आणि १ कोटी रुपये किंवा अधिक भरणा झालेलें भांडवल असलेल्या कंपन्या यांना दिलेल्या जागांना मात्र तो लागू नाहीं. तेव्हां एकाच जिन्यावरच्या समोरासमोरच्या दारांमागें दोन अगदीं निराळे हिशेब असूं शकतात. सरासरी भाडें काढून मोकळ्या होणाऱ्याला याचा पत्ताहि लागत नाहीं.

संध्याकाळीं मीं त्याला संगणक मिटावयास लावला आणि कागदावर तीनच वाक्यें लिहावयास सांगितलीं. किती देशील, कां देशील, आणि काय दिसलें तर घेणार नाहींस. तिसऱ्या वाक्यापाशीं तो अडला.

"काका, 'घेऊं नका' म्हणणाऱ्याला नोकरी देतील?"

"मीं दिलेली आहे," मी म्हणालों.

बुधवारीं रात्रीं त्याचा फोन आला. इमारत पुण्याची निघाली. कर्जाचा हिशेब वेळेअभावीं अपुरा राहिला. तसें त्यानें आपण होऊन सांगून टाकलें. मागितलेली किंमत ८० कोटी होती. यानें ६८ च्या वर जाऊं नये असें म्हटलें, आणि मोठ्या भाडेकरूशीं नवा करार झाल्यावांचून तेवढेहि देऊं नयेत अशी पुस्ती जोडली. समोरच्या बाईंनीं विचारलें, "आणि विकणारा तयारच झाला नाहीं तर?"

"तर आपण दुसरी इमारत पाहूं," हा म्हणाला.

हें उत्तर उद्धटपणाचें तर झालें नाहीं ना, अशी त्याला तेव्हांपासून धास्ती लागली आहे. निकाल अद्याप कळलेला नाहीं.