प्रौढांची गटचर्चा आणि शिक्षक
(मंडळाच्या प्रौढवर्गातील स्वयंसेवक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



प्रौढांची गटचर्चा चालू असता शिक्षकाने कितपत बोलावे, हा विषय मंडळाने आमच्यावर सोपविला आहे. आम्ही शिक्षणशास्त्रज्ञ नव्हे, साधे बी. ए. आहोत, परंतु सरकारी कचेरीतील सभा पुष्कळ पाहिल्या आहेत. साहेबांनी आपले मत आरंभीच सांगितले की सभा संपते. पुढे उरतो तो चहा! प्रौढवर्गातील शिक्षक नकळत असाच साहेब होऊन बसतो. तो फळ्याशी उभा असला की प्रत्येक जण शेजाऱ्याशी न बोलता त्याच्याशीच बोलतो आणि वाक्य संपताच ‘बरोबर ना, गुरुजी?’ म्हणून त्याच्या तोंडाकडे पाहतो. वीस वर्षे संसार रेटलेल्या माणसाने स्वतःच्या अनुभवावर गुरुजींची मोहोर मागावी, हे आम्हांस बरे वाटत नाही.

१९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने १५० खेड्यांत श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा, असे २० कार्यक्रम झाले. कार्यक्रम ऐकून गावकऱ्यांनी आपसांत चर्चा करावयाची व आपले प्रश्न पुण्यास कळवावयाचे, अशी योजना होती. तज्ज्ञ बोलून जाई, पण चर्चेच्या वेळी तो समोर नसे. पॉल न्यूरॅथ यांच्या पाहणीत, मंडळे नसलेल्या गावांपेक्षा मंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ बरीच अधिक आढळली. पुढे ब्राझीलमध्ये पावलो फ्रेरी यांनीही साक्षरतावर्गात शिक्षकाच्या जागी चर्चेचा समन्वयक बसविला.

मग शिक्षकाने मौनच धरावे काय? आम्ही तसे म्हणणार नाही. कर्जाचा विषय घ्या. कोणी म्हणतो, ‘बँक बारा टक्के घेते, सावकार दोनच घेतो.’ सगळे माना डोलावतात. येथे गप्प बसणारा शिक्षक उदार नव्हे, बेफिकीर होय. कारण सावकाराचे दोन टक्के महिन्याचे असतात, म्हणजे वर्षाचे चोवीस झाले. चुकीच्या हिशेबावर उद्या कोणाचा तरी अंगठा उठेल. मात्र व्याख्यान नको. ‘दोन महिन्याचे की वर्षाचे?’ एवढे विचारले तरी पुरे. बेरीज मंडळीच करतील. त्यानंतर कर्ज कोठून काढावे, हे मात्र शिक्षकाने सांगू नये. बँकेत जामीन लागतो, कागद लागतात, खेपा घालताना रोज बुडतो. ते त्याचे त्यास ठाऊक असते, आपणांस नसते. हिशेबात शिक्षकाचा अधिकार आहे, निर्णयात नाही, अशी रेघ आम्ही ओढतो.

एक अडचण मात्र या रेघेने सुटत नाही. गटात एखादा वाचाळ गृहस्थ असतोच, आणि सासरे-दीर बसलेले असता सुना तोंड उघडीत नाहीत. तेथे शिक्षक दूर राहिला, तर चर्चा प्रौढांची न होता त्या गृहस्थाची होते. अशा वेळी एखाद्या बाईस भर सभेत ‘तुमचे मत काय?’ असे विचारून अवघडवू नये. आधी बायकांना तिघी-चौघींच्या घोळक्यात बोलू द्यावे, आणि ठरलेले त्यांच्यापैकीच एकीने सर्वांस सांगावे.

आपल्या वर्गापुरती आमची विनंती एवढीच, की शिक्षकाची खुर्ची भिंतीशी सारावी आणि त्याने सर्वांबरोबर सतरंजीवर बसावे. प्रश्न विचारल्यावर दोन मिनिटे कोणी बोलले नाही, तरी उत्तर देण्याची घाई करू नये.