रिपोर्ट चांगला, तरी पाय दुखतात



दिवसभर कापूस वेचून घरी आलं की आपले पाय भरून येतात. पण घरातली चौदा वर्षांची पोर “माय, मना पाय दुखतस” म्हणाली, की आपण पटकन म्हणतो, “तुझं काय वय आहे पाय दुखायचं?” आम्हीही तसंच म्हटलं होतं, आणि आम्ही चुकलो होतो.

आमच्या बचत गटातल्या एका ताईंची मुलगी नववीत आहे. दिवाळीनंतर शाळा उघडली आणि तिचे पाय दुखायला लागले. सकाळी जास्त, रविवारी कमी. तेल चोळलं, शेक दिला, दृष्टही काढली. मग तालुक्याला नेलं. तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं. मग आम्हीच निकाल दिला, पोरगी ढोंग करते. महिनाभर शाळा बुडाली. आजी म्हणाली, “झेपत नसेल तर घरी बसू द्या, एखादं स्थळ बघू.” पाय दुखण्यावरून गोष्ट लग्नावर आली, तेव्हा आम्ही जाग्या झालो.

एक गोष्ट आधी सांगतो. पहिली पायरी डॉक्टरांचीच. एकच पाय दुखतो, सूज आहे, ताप येतो, मूल लंगडतं, दुखण्यानं रात्री झोपेतून उठतं, वजन उतरतं, पायातली ताकद जाते, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. रक्त कमी असेल तरी पाय गळून जातात. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या भागांत सिकलसेलचा आजारही आढळतो. त्यात हाडं आणि सांधे फार दुखतात. त्याची रक्ततपासणी सरकारी दवाखान्यात होते. ती करून घ्या.

तपासणीत काही निघालं नाही, तर मात्र “काही झालेलं नाही” असं मुलाला म्हणू नका. दुखणं पायात असतं, पण ते कळतं मेंदूला. आपल्या रेडिओसारखंच समजा. स्टेशन तेच, पण बटण फिरवलं की आवाज मोठा. काळजी, भीती, अपुरी झोप आणि सारखं दुखण्याकडे लक्ष, ही ते बटण फिरवणारी बोटं. म्हणून दुखणं खरं असतं, आणि आवाज कमीही करता येतो.

त्या मुलीला आम्ही रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकमध्ये नेलं. 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींसाठी सरकारनं ही सोय केली आहे. तिथल्या समुपदेशक ताईंनी सांगितलेलं आम्ही घरी केलं.

पहिलं, “दुखतंय का?” हे दिवसातून दहा वेळा विचारणं बंद केलं. त्याऐवजी “आज शाळेत काय झालं?” असं विचारायला लागलो.

दुसरं, रोज ठरलेलं चालणं. आधी दहा मिनिटं, चार दिवसांनी पंधरा. बरं वाटलं म्हणून एकदम जास्त नाही, आणि थोडं दुखलं म्हणून बंद नाही. शाळाही आधी अर्धा दिवस, मग पूर्ण. अंथरुणात पडून राहिलं की पाय अजून कमजोर होतात.

तिसरं, श्वास. पोटावर हात ठेवायचा, चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत हळूहळू बाहेर. सकाळी आणि झोपताना पाच-पाच मिनिटं. आईनंही सोबत बसायचं. रात्री मोबाइल बाजूला, झोपेची वेळ ठरलेली.

चौथं, मनातलं वाक्य बदलायचं. “माझे पाय निकामी होणार” हे वाक्य आवाज वाढवतं. “दुखतंय, पण डॉक्टरांनी तपासलंय, चालल्यानं पाय बिघडणार नाहीत” हे वाक्य आवाज कमी करतं.

आणि पाचवं, मुलाचं ऐकायचं. भाकरी थापता थापता एक दिवस ती पोर आपणहून बोलली. तिची मैत्रीण दिवाळीनंतर आईबापासोबत ऊसतोडीला गेली होती. एसटीच्या थांब्यापासून शाळेपर्यंतचा रस्ता हिला आता एकटीनं चालावा लागत होता. रोज त्या रस्त्याची धास्ती. महिनाभर आम्ही पाय दाबत होतो, पण एकटीचा रस्ता कोणी विचारलाच नव्हता.

गटातल्या दुसऱ्या ताईंची मुलगी त्याच शाळेत जाते. दोघींची एकच एसटी ठरवली. आज ती मुलगी शाळेत जाते. पाय अधूनमधून दुखतात, पण त्यासाठी शाळा बुडत नाही. स्थळाची गोष्ट आजीनंच मिटवली.

बायांनो, समुपदेशकाकडे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे. जाणं जमत नसेल तर 14416 या टेलिमानसच्या नंबरवर फोन करा. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. गावातल्या आशाताईंनाही विचारा.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एक प्रश्न एकमेकींना विचारूया. कोणाच्या घरातलं मूल पाय, पोट किंवा डोकं दुखतं म्हणून शाळेत जात नाहीये? नाव निघालं, तर आधी दवाखाना. आणि मग त्या मुलाजवळ बसून, शाळेचा रस्ता कसा आहे, ते विचारायचं.