पहाटेचा एक तास



हल्ली गावाबाहेरच्या हॉटेलांत पाहुण्यांना पहाटे हिरवळीवर योगासने शिकवितात. ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. कर्जतच्या पुढे घाट चढला की लोणावळे. तेथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढले. आजही लांबलांबची माणसे तेथे राहून आसने, प्राणायाम करतात.

मी सातवी शिकलेली बाई. पण मला वाटते, पैसे मोजून तेथे मिळते ती नुसती हवा नव्हे. सकाळची हवा आपल्या कात्रपलाही आहे. तेथे मिळतो तो एक तास, ज्यात "डबा झाला का?" अशी हाक येत नाही. आपल्याकडे लोकल गाठणाऱ्यांचे डबे आधी, आपली कंबर मागाहून!

तेव्हा आठवड्यातून दोन दिवस, सकाळी सहा ते सात, आपण मोकळ्या जागेत जमावे. पावसाळ्यात मंडळाच्या खोलीत. अनशापोटी यावे, झेपेल तेवढेच वाकावे, श्वास कोंडू नये. रक्तदाब असेल तिने आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि त्या दोन दिवशी चहा घरच्यांनी करावा. तो पाणचट झाला तरी आपण नावे ठेवू नयेत.