विमान उतरताना : एका बारीक भेगेची गोष्ट

(विद्यार्थ्यांच्या विज्ञान मंडळापुढे दिलेले व्याख्यान)



मिरज जंक्शनात गाडी उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेतलेला एक माणूस डब्यांच्या कडेने जाताना माझ्या पिढीने पाहिला आहे. प्रत्येक चाकावर तो एक ठोका मारी, कान देई आणि पुढे जाई. चाक धड असेल तर आवाज खणखणीत येतो. तडा असेल तर बद्द येतो. लहानपणी मला वाटे, या माणसाला फुकटचा पगार मिळतो. ती माझी चूक होती. आज मी त्याच्याच कामाविषयी बोलणार आहे, मात्र विमानाच्या निमित्ताने.

विषय परका मानू नका. सातारा-सांगलीकडील पुष्कळ घरांतले कोणी ना कोणी आखातात नोकरीला आहे. ते माणूस परत निघाले की विमान जमिनीला टेकेपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो.

प्रथम विमान वळते कसे ते पाहू. वैमानिक हातातील दांडा मागे ओढतो, तेव्हा शेपटाची आडवी झडप हलते आणि विमानाचे नाक वर उचलले जाते. या झडपेला एलिव्हेटर म्हणतात. पंखांच्या कडेच्या झडपा विमानाला कलवतात, आणि शेपटाचे उभे सुकाणू त्याचे नाक डावी-उजवीकडे फिरवते. लहान विमानात हे सर्व तारा ओढून होते. मोठ्या विमानात वाऱ्याचा जोर एवढा असतो, की मनगटाचे बळ पुरत नाही. तेथे दाबाखालचे तेल काम करते. मुरमाची ट्रॉली ट्रॅक्टरच्या जॅकवर उचललेली तुम्ही पाहिलीच असेल, तत्त्व तेच. आणि ऐन वेळी तेलाची नळी फुटली तर काय होते? लिव्हर हातात राहतो, पण ट्रॉली ऐकत नाही.

आता मुंबईची गोष्ट ऐका. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी इंडियन एअरलाइन्सचे कॅराव्हेल विमान सांताक्रूझहून मद्रासला निघाले. उड्डाण होताच उजवे इंजिन निकामी झाले. वैमानिक माघारी फिरले. दोन इंजिनांचे विमान एका इंजिनावर उतरवता येते. त्याचे शिक्षण वैमानिकाला दिलेले असते. मग घात कशाने झाला? इंजिनात हवा दाबणाऱ्या चकत्या असतात. त्यांतील दहाव्या टप्प्याच्या चकतीला धातूच्या थकव्याने भेग पडली होती. चकती फुटली, इंधनाच्या नळ्या तुटल्या, आग लागली आणि त्या आगीत नियंत्रणाचे तेल संपले. धावपट्टी समोर आली असताना, सुमारे ३०० फुटांवर, विमान काबूबाहेर जाऊन कोसळले. विमानातील ९५ जणांपैकी एकही वाचला नाही. मल्याळम चित्रपटांतील अभिनेत्री राणी चंद्रा त्यांच्यात होत्या.

उतरतानाचा बिघाड इतका घातक का, हेही समजून घ्या. विमान उंचावर असेल तर सावरायला वेळ मिळतो. उतरताना वेग कमी केलेला असतो, त्यामुळे झडपांवरून जाणारी हवाही मंद असते. तेच काम करून घ्यायला झडप जास्त हलवावी लागते. विमान मिनिटाला साधारण ७०० फूट खाली येत असते. म्हणजे ३०० फुटांवरून जमीन २५ सेकंदांच्या अंतरावर. तेवढ्यात विचार करायचा, की हात चालवायचा?

१९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत असेच घडले. युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाच्या शेपटातील इंजिनाची चकती फुटली आणि तेलाच्या तिन्ही व्यवस्था एकदम गेल्या. मात्र विमान तेव्हा उंचावर होते. कॅप्टन हेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करून सुमारे ४४ मिनिटांनी ते सू सिटीला आणले. विमान धावपट्टीवर मोडले, तरी २९६ पैकी १८४ माणसे वाचली. त्या चकतीत धातू ओततानाच दोष राहिला होता. तेथून वाढलेली भेग तपासणीत सापडली नव्हती. त्यानंतर नळी फुटली तरी सगळे तेल वाहून जाऊ नये, अशी सोय त्या जातीच्या विमानांत करण्यात आली.

भेग सापडते कशी? एक रीत तुमच्या कारखान्यांतही चालते. सुटा भाग स्वच्छ करून त्यावर रंगीत द्रव लावतात, पुसून घेतात आणि वर पांढरी भुकटी मारतात. भेगेत शिरलेला रंग बाहेर येतो आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. शिवाय इंजिनाच्या चकतीचे आयुष्य ठरवून दिलेले असते. ठरलेली उड्डाणे झाली की ती नवी दिसत असली तरी काढावीच लागते. बाइंडिंगची तार वाकवून-वाकवून तुटते ना? शेवटच्या वाकवण्यापर्यंत ती धडच दिसत असते.

मित्रहो, तुमच्यातील कोणी आयटीआयला जातील, कोणी कराड-सांगलीला इंजिनिअरिंग शिकतील, कोणी कुपवाडच्या वसाहतीत लेथवर उभे राहतील. सगळेच विमानाचे काम करतील असे नाही. पण कोणी बसचा ब्रेक बांधेल, कोणी पाळण्याचा बोल्ट आवळेल. आपल्याकडे एक गोड शब्द आहे : "चालतंय की." माणूस म्हणून तो चांगला, तपासणीच्या तक्त्यावर मात्र तो विष आहे. तेथे सही करता, तेव्हा न पाहिलेल्या माणसांचे जीव तुमच्याकडे अमानत म्हणून ठेवलेले असतात. ते तुम्हाला ओळखत नाहीत आणि आभार मानायलाही येणार नाहीत. काम नीट झाले याची खूण एवढीच, की काही घडले नाही.

मिरजेच्या त्या माणसाचे नाव मी कधी विचारले नाही. त्याच्या हातोडीच्या भरवशावर मात्र मी कितीदा तरी निर्धास्त झोपून प्रवास केला. तुमच्याही भरवशावर कोणी असेच झोपो.