एका वर्षाची गॅप



आपल्या बऱ्याच जणांची मुलं आज कॉलेजात आहेत, म्हणून हा विषय घेतला. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष सुरू होताना मी वर्षभर घरी थांबलो होतो. वडिलांना अर्धांगवायू झाला होता आणि दुकान बघायला कोणी नव्हतं. घरात दोनच गोष्टी बोलल्या जात: शिक्षण सोड, नाहीतर दुकान विकू. तिसरी वाट दाखवली कॉलेजच्या क्लार्कने. ‘दाखला काढू नकोस. अर्ज दे, पोच घे आणि पुढच्या वर्षी याच वर्गात ये.’ गावात सगळ्यांना वाटलं, पोरगा नापास झाला. मी वाटू दिलं. परतल्यावर ज्युनिअर मुलांच्या बाकावर बसणं मात्र जड गेलं.

आता 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मध्येच थांबून परत येण्याची सोय मान्य केली आहे. मिळवलेले क्रेडिट खात्यात जमा राहतात. तरी आपल्या कॉलेजचा नियम, शिष्यवृत्ती, हॉस्टेलची खोली, शैक्षणिक कर्जाचा हप्ता, हे आधी लेखी विचारून घ्या.

आणि मूल ‘आता जमत नाही’ म्हणालं, तर तेही कारण धरा. आजारी बापाइतकंच खरं. आधी डॉक्टरांना भेटा, अर्जाचं मग बघू.

कोणाच्या घरी हा प्रश्न असेल, तर जेवणानंतर भेटा. मी व्हरांड्यातच आहे.